बाटलीवर अनामत घेतली तर रानातल्या काचा थांबतील का?

मळ्यातला (वाळवा तालुका)

गेल्या हंगामात आमच्या उसाच्या खोडव्याला तोड आली तेव्हाची गोष्ट. रान पाणंदीला, म्हणजे शेतातून जाणाऱ्या वाटेला, लागून आहे. ऊसतोड मजुरांची टोळी पहाटेच उतरली होती. साडेसातच्या सुमाराला एका कोयत्यातली बाई ओरडून खाली बसली. पाचटाखाली फुटलेली चपटी (दारूची लहान चपटी बाटली) होती, चप्पल कापून काच टाचेत शिरलेली. पाच टाके पडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीपर्यंत न्यायच्या. एक जण बसला की दुसऱ्याचाही हात बसतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर आधीच घेतलेली असते, ती फिटायची राहते. दवाखान्याचं मी भागवलं, पण तिचे बुडालेले दिवस काही मला भरून देता आले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी आणि धाकटा भाऊ पोती घेऊन निघालो. मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण किलोमीटरची पाणंद. तीन पोती भरली. चपट्या, बिअरच्या बाटल्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं होतं. ॲल्युमिनियमचे डबे मात्र दोनच सापडले. भाऊ म्हणाला, "डबे कोण पितंय इथं?" पण तसं नाही. आमच्या फाट्यावर डबे भरपूर खपतात. ते पडतात तसे कुणीतरी वेचून नेतं, कारण डब्याला भंगारात भाव आहे. चपटीला कुणी विचारत नाही, म्हणून ती पडून राहते, फुटते आणि एक दिवस कुणाच्या तरी पायात जाते.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली आहे. लहानपणी गावच्या दुकानातून थंड पेयाची काचेची बाटली घरी न्यायची तर अनामत ठेवावी लागायची. लग्नात मांडवामागं पडलेल्या बाटल्या आम्ही पोरं हुडकून कॅरेटमध्ये लावायचो. चोविसातली एक कमी भरली तरी घरातलं मोठं माणूस बॅटरी घेऊन शोधायला निघायचं. बाटली काचेचीच होती, माणसंही हीच होती. फरक एवढाच की बाटलीवर पैसे होते.

तामिळनाडूनं हेच केलं आहे. निलगिरीच्या जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्ती आणि इतर जनावरांच्या पायांना इजा होत होती. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांत प्रत्येक बाटलीमागं १० रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली दिली की १० रुपये परत. बहुतेक बाटल्या परत यायला लागल्या, मग योजना एकेका जिल्ह्यात वाढवत नेली. केरळनं २०२५ मध्ये २० रुपये ठेवून असाच प्रयोग सुरू केला.

आपल्याकडं हे का होऊ नये? दुकानदार, साताऱ्याकडचे लोक, नगरपालिकेत काम केलेले, सगळ्यांनी लिहा.

यवतेश्वर_सातारा

दादा, वाचून वाईट वाटलं. आम्ही सात-आठ जण पावसाळ्यात दर रविवारी बोगद्यापासून यवतेश्वर घाटातल्या वळणांवर कचरा वेचतो. पुढं कास पठार आहे, ज्याचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून समावेश झाला. आणि कासचा तलाव म्हणजे सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत. त्या रस्त्यावर बाटल्या टाकणं म्हणजे आपल्याच माठात टाकणं.

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. पठारावर, जिथं तिकीट आहे आणि गावातली माणसं लक्ष ठेवून असतात, तिथं कचरा फार नसतो. तो पडतो घाटाच्या कठड्यापलीकडं, ठोसेघरच्या रस्त्याला, उरमोडीच्या काठाला. गाडी दोन मिनिटं थांबते, काच खाली होते, बाटली बाहेर येते. ज्याच्यापर्यंत उतरायला दोर लागतो त्या बाटल्या कुणी वेचणार नाही.

अनामतीचा खरा उपयोग मला इथं वाटतो. बाटली हातात असतानाच माणसाला वाटलं पाहिजे की हे माझे पैसे आहेत. वेचणाऱ्याला मिळणारा भाव ही नंतरची गोष्ट झाली.

पण पर्यटक पुण्याहून येतो आणि त्याच रात्री परत जातो. साताऱ्यात घेतलेली बाटली त्याला साताऱ्यातल्या त्याच दुकानात द्यायला लावली तर तो १० रुपयांवर पाणी सोडेल. परतीची सोय बोगद्याजवळ, कासच्या तिकीट खिडकीवर आणि महामार्गाच्या टोलवर पाहिजे. केदारनाथला २०२२ मध्ये बाटल्यांवर क्यूआर कोडचे स्टिकर लावून १० रुपयांची अनामत सुरू केली. स्टिकर असल्यामुळं बाटली कुठल्या दुकानातली हे बघत बसावं लागत नाही, कुठल्याही केंद्रावर देता येते. आपल्या घाटांना तसलंच काहीतरी लागेल.

दुकान_मिरज

माझं मिरजेत किराणा आणि कोल्ड्रिंकचं दुकान आहे, वडिलांपासून. कॅरेटचा काळ मी गल्ल्यावर बसून बघितला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ती पद्धत चालायची कारण कंपनीची गाडी भरलेलं कॅरेट उतरवायची आणि त्याच फेरीत रिकामं उचलायची. आमचीही कॅरेटची अनामत कंपनीकडं असायची. म्हणजे गिऱ्हाईक, मी आणि कंपनी, तिघांचेही पैसे बाटलीत अडकलेले. ही साखळी प्लास्टिकच्या बाटलीनं तोडली. भरलेली आली, विकली, विषय संपला. गाडी परत जाताना रिकामी जाते आणि त्यांना ते परवडतं.

आता तुम्ही म्हणाल दुकानदारानं घ्यावं परत. घेईन की! पण ठेवू कुठं? माझं दुकान दहा बाय बारा. गोड पेयाच्या रिकाम्या बाटल्या दोन दिवस ठेवल्या की मुंग्या, चार दिवसांनी झुरळं. फुटकी काच आणून कुणी दिली तर भांडण. कुणी पोतंभर घेऊन आला तर मोजायला माणूस पाहिजे. तामिळनाडूतल्या दुकानांच्या कामगारांनीही हीच तक्रार केली आहे, की जागा नाही आणि जादा काम आमच्या गळ्यात. त्यांचं चूक नाही.

दुसरं म्हणजे तिथं दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडं आहे. वरून आदेश निघाला की सगळ्या दुकानांत लागू. आपल्याकडं परवानाधारक खासगी दुकानं, बार, परमिट रूम. प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

म्हणून माझं म्हणणं, बाटलीमागं दुकानदाराला हाताळणीचे पैसे द्या, थोडे का असेनात, आणि रिकाम्या बाटल्या ठरलेल्या दिवशी उचलल्या जाऊ द्या. मग मी स्वतः पोतं बांधून ठेवीन.

कृष्णाकाठ

२०१८ कुणालाच आठवत नाही का? २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्यातच पाण्याच्या बाटल्यांची पुनर्खरेदी होती. बाटलीवर एक-दोन रुपयांची किंमत छापायची, दुधाच्या पिशवीला ५० पैसे. काही दिवस बाटल्यांवर ते छापलेलं दिसायचंसुद्धा. मी सांगलीत चार दुकानांत रिकाम्या बाटल्या घेऊन गेलो होतो. चौघांनीही हात वर केले.

ती योजना का बुडाली ते नीट बघायला पाहिजे, नाहीतर तेच परत होईल. मला तीन कारणं दिसतात.

घेताना पैसे वेगळे घेतले नाहीत. बाटली वीस रुपयांची ती वीसलाच. म्हणजे माझ्या खिशातून काही गेलंच नाही, मग परत मागायची ओढ कशी लागणार? अनामत म्हणजे बिलावर वेगळी ओळ पाहिजे: पाणी अमुक, बाटलीचे अमुक.

रक्कम फारच कमी. अमेरिकेतल्या ओरेगॉननं १९७१ मध्ये असा कायदा केला, त्या देशातला पहिला. पाच सेंट ठेवले आणि महागाई वाढली तरी तेवढेच राहिले. लोक बाटल्या आणेनासे झाले. मग तिथं अशी तरतूद केली की परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांच्या खाली राहिलं की रक्कम दुप्पट. त्याप्रमाणं २०१७ मध्ये ती दहा सेंट झाली. आपण सुरुवातच रुपयानं केली.

आणि तिसरं, पैसे फिरवणारी संस्था कुणीच उभी केली नाही. मी मिरजेत घेतलेली बाटली इस्लामपुरात दिली तर तिथल्या दुकानदाराचे पैसे कोण भरून देणार? नॉर्वे, स्वीडन, लिथुआनिया, सगळीकडं यासाठी एक मध्यवर्ती संस्था आहे. ती कंपन्यांकडून अनामत गोळा करते, दुकानांना परत देते, हाताळणीचे पैसेही देते. नॉर्वेत तर कंपन्यांवर पर्यावरण कर आहे आणि जितक्या जास्त बाटल्या परत गोळा होतात तितका तो कमी होतो, ९५ टक्क्यांवर गेलं की शून्य. मग कंपन्या स्वतःच बाटल्यांच्या मागं धावतात. लिथुआनियात २०१६ च्या आधी जेमतेम एक तृतीयांश बाटल्या परत यायच्या, दोन वर्षांत ९० टक्क्यांवर गेल्या.

गोव्यानं २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. आपण शेजारी आहोत, डोळे उघडे ठेवून बघू या.

कराडकर_जर्मनीत

इथं २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर अनामत आहे, आता २५ सेंट. तिला 'फांड' म्हणतात. सुपरमार्केटात यंत्रात बाटली टाकायची, चिठ्ठी मिळते, ती बिलात वळती होते. ९८ टक्क्यांच्या आसपास बाटल्या परत येतात. लहान मुलांनाही ही सवय असते.

मिरजेच्या दादांसाठी एक उपयोगी गोष्ट. इथं २०० चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना सगळ्या बाटल्या घ्याव्या लागत नाहीत. ते जी पेयं विकतात तेवढ्याच घ्यायच्या. दहा बाय बाराच्या दुकानावर मॉलएवढा भार टाकायचा नसतो, हे इथल्या कायद्याला कळतं.

आणखी एक मला फार आवडतं. ज्याला बाटली परत करायचा कंटाळा येतो तो ती कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी ठेवतो. म्हातारी माणसं, गरीब माणसं त्या गोळा करतात. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून.

अवांतर: आमचं कराड स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं होतं. करायचं ठरवलं की आपल्या भागात होतं, हे मला इथं बसून अभिमानानं सांगावंसं वाटतं.

प्रश्नांकित

विरोधात लिहितो आहे, राग मानू नका.

पाण्याच्या बाटल्या आपल्याकडं आजही मोठ्या प्रमाणात भंगारात जातात. खरा कचरा वेफर्सच्या पुड्यांचा आणि गुटख्याच्या पाकिटांचा आहे, त्याला भंगारवाला हात लावत नाही. अनामत योजना त्याला शिवतसुद्धा नाही. एवढी यंत्रणा उभी करून आपण सोपा भाग सोडवणार आणि अवघड तसाच ठेवणार. शिवाय बसस्टँडवर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वीसची बाटली पंचविसाला घ्यायला लावायची? त्याची एसटी लागली तर तो परत कुठं करणार?

निशिगंध (सांगली)

प्रश्नांकित, पुड्यांबद्दलचं तुमचं बरोबर आहे. पण शहरात बाटल्या भंगारात जातात त्या आपोआप जात नाहीत. पहाटे चारला उठून कुणीतरी बाई त्या वेचते. मी या बायकांबरोबर बरीच वर्षं काम करते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पाण्याची एक लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. किलो भरायला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. एका बाटलीचा भंगारात रुपयासुद्धा येत नाही. म्हणून बाई तिथंच जाते जिथं बाटल्या दाट पडलेल्या असतात: स्टँड, स्टेशन, मंगल कार्यालयाची मागची बाजू. पाऊण किलोमीटरच्या पाणंदीसाठी ती येणार नाही, तिला परवडत नाही. बाटलीमागं पाच रुपये झाले तर येईल.

पण मला भीती दुसरीच आहे. उद्या मॉलमध्ये यंत्रं बसली, फोनवर पैसे जमा व्हायला लागले आणि चांगल्या बाटल्या सगळ्या तिकडं गेल्या, तर पोत्यात उरणार काय? पुड्या आणि ओला कचरा. तिची रोजची मिळकत याच बाटल्यांवर आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. वेचणाऱ्या माणसाला कामगार म्हणून ओळखपत्र मिळावं यासाठी त्यांना झगडावं लागलं. ती ओळख अनामत योजनेत पुसली जाता कामा नये.

म्हणून दोन अटी घाला. पैसे बाटली आणून देणाऱ्याला, मग ती कुणीही विकत घेतलेली असो. पावती मागायची नाही, स्मार्टफोन लागता कामा नये, रोख हातात. आणि संकलन केंद्र चालवायचं काम याच बायकांच्या गटांना द्या. बाटली बघून, दाबून, कुठलं प्लास्टिक ते त्या सांगतात. यंत्राला जमणार नाही एवढं त्यांना येतं.

बसस्टँडवरच्या माणसाचंही यात सुटतं. त्यानं बाटली बाकड्याखाली ठेवून एसटी पकडली तर ती दहा मिनिटांत उचलली जाईल. त्याचे पाच रुपये गेले, पण ते वाया गेले नाहीत.

म्हैसाळ

आमच्याकडचा प्रश्न कुणी घेतला नाही. म्हैसाळ सोडलं की लगेच कागवाड, कर्नाटक. जतची माणसं विजापूरला बाजाराला जातात. महाराष्ट्रानं एकट्यानं पाच रुपये ठेवले तर तिकडच्या बिनअनामतीच्या बाटल्या टेम्पोनं इकडं येतील. अनामत भरलेल्या बाटलीवर वेगळा छाप किंवा कोड लागेल आणि परत घेताना तो तपासून रद्द करावा लागेल, नाहीतर एकच बाटली दोनदा विकली जाईल.

निशिगंधताई, तुमची रोख पैशाची अट मला पटते, पण कोड वाचायला केंद्रावर निदान एक यंत्र लागेलच. ते बायकांच्या हातात द्या.

कृष्णाकाठ

म्हैसाळकर, बरोबर. म्हणूनच हे एका गावाचं काम नाही.

माझं घर हरिपूरच्या वाटेवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर आमच्या अंगणात गाळाबरोबर किती बाटल्या राहिल्या होत्या, सांगता येत नाही. झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या तर उन्हाळ्यापर्यंत दिसत होत्या. त्या बाटल्या सांगलीच्या होत्या असं नाही. महाबळेश्वरपासून वाई, सातारा, कोयनेकडून येणारं कराडात मिळणारं, सगळं खाली आमच्याकडं येतं. यवतेश्वरच्या मंडळींनी रविवारी वेचलेली प्रत्येक प्लास्टिकची बाटली पुराच्या पाण्यात माझ्या दारात यायची वाचते. तुम्हाला ओळखत नसलो तरी मनापासून आभार.

काच मात्र वाहत येत नाही, ती बुडते. मळ्यातल्या दादांच्या रानातली काच त्यांच्याच पाणंदीवर फोडलेली आहे. म्हणून मला वाटतं सुरुवात दारूच्या बाटल्यांपासून करावी. दुकानं मोजकी, परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं नोंदलेले, माल कुठून कुठं जातो ते कागदावर असतं. किराणा दुकानांपेक्षा तिथं हे लवकर बसेल. एक जिल्हा घ्या आणि वर्षभर करून बघा.

दुकान_मिरज

हे पटलं. आणि बिअरची बाटली धुऊन परत भरता येते, तिला वितळवायचीही गरज नाही. पूर्वीपासून बाटल्यांचे व्यापारी हेच करत आले आहेत. फक्त चपटी आणि लहान बाटल्या कुणी घेत नाही. तिच्यावर जास्त ठेवा.

शिरूरकासार

मी हा धागा दोन दिवस वाचतो आहे. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर टोळीवर येतात, कधी सांगली, कधी साताऱ्याकडं. मी इकडं बीडला शिकतो. आईच्या पायावर अशा दोन खुणा आहेत. आम्ही घरी त्याबद्दल कधी बोलत नाही, ते कामाचाच भाग आहे असं धरून चालतो. कुणी शेतकरी याबद्दल लिहील असं वाटलं नव्हतं.

योजना यायला वेळ लागेल हे कळतं. तोपर्यंत एक करता येईल का? पाणंदीकडच्या कडेचा ऊस तोडायला घेण्याआधी कुणीतरी तेवढ्या सऱ्या फिरून बघावं. अंधारात तोड सुरू होते तेव्हा खालचं दिसत नाही. वाकलेल्या माणसाचा हातही तिथंच असतो, नुसता पाय नाही.

मळ्यातला

भाऊ, हाताचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरं आहे, कोयता बुडख्याशी चालतो.

यंदा तोडीची तारीख कळली की आदल्या दिवशी आम्ही दोघं भाऊ बांधाकडच्या दहा सऱ्या फिरणार. शेजारच्या तिघांशीही बोललो, दोघं तयार आहेत. पहिली खेप उजाडल्यावर रानाच्या आतल्या बाजूनं घ्यायची, पाणंदीकडून नाही, हे मुकादमाला सांगून ठेवतो.

दुसरं, ग्रामसभेत ठराव मांडतो आहे. आमच्या फाट्यावरच्या दोन दुकानांनी चपटीमागं १० रुपये घ्यायचे आणि बाटली आणली की द्यायचे. सक्ती करता येणार नाही, गावच्या शब्दावर चालेल तितकं चालेल. एका दुकानदारानं विचारलं, रिकाम्यांचं मी काय करू? मिरजेचे दादा, बाटल्यांचा व्यापारी चपट्या घेत नाही म्हणालात, पण पोत्यांनी साठल्या तर काचेच्या भट्टीला पाठवणारं कुणी आहे का तुमच्याकडं? असेल तर इथंच लिहा, मी टेम्पोचं भाडं बघतो.